सूनबाईंचा काटा

आमच्या परभणी जिल्ह्यात माणसाचा देवावर विश्वास असतो, जावयावर असतो, हवामान खात्यावरही अधूनमधून बसतो. काट्यावर मात्र बसत नाही. कापूस जिनिंगवर न्या, सोयाबीन मोंढ्यात न्या, ऊस कारखान्यावर न्या. माणूस घरी परततो तो ‘काटा मारला’ म्हणतच. खरंच मारला का, ही चौकशी कुणी करत नाही. माल घरून निघताना जास्त असतो आणि काट्यावर चढला की कमी भरतो, एवढं इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आता त्या शेंबड्या पोरालाच काट्याला टांगायचं म्हटल्यावर गाव सावध होणारच.

गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावाची अंगणवाडी माझ्या ओसरीच्या बरोबर समोर आहे. नोकरीतून मोकळा होऊन गावी आलो तेव्हापासून माझी सकाळ तिकडे बघण्यात जाते. अंगणवाडीची सेविका त्याच गावची रहिवासी असावी असा नियम आहे, म्हणजे खेड्यात ती बहुधा गावची सून. आमचीही सूनच. त्यामुळे निम्म्या गावापुढे तिला पदर सावरून बोलावं लागतं आणि त्याच निम्म्या गावाला नखं काप, लस टोच, पाणी उकळ असं दटावावंही लागतं. पदर डोक्यावर आणि आवाज त्याच्याही वर, ही कसरत मी रोज बघतो. या कामाच्या मोबदल्याला सरकार पगार म्हणत नाही, मानधन म्हणतं. शब्दात मानही आहे आणि धनही. दोन्हींचं वजन कधी कुणी करून बघितलेलं दिसत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या आणि पन्नासहून जास्त दिवस समोरचं दार बंद राहिलं. तेव्हा नातवंडं सांभाळून सांभाळून गावातल्या आज्यांनी संपाला मनापासून पाठिंबा दिला. मागण्या त्यांना कळल्या नव्हत्या. काम किती आहे, ते कळलं होतं.

तर वजनाचा दिवस. आता बॅटरीचे काटे आलेत, पण सेल उतरले की माळ्यावरून जुना सॉल्टर काटा खाली येतो. भिंतीवरच्या घड्याळाएवढी गोल तबकडी, वर आकडा, खाली आकडा. वरचा आकडा आढ्याच्या कडीत अडकवायचा आणि खालच्याला चड्डीसारखी झोळी लावून त्यात लेकरू बसवायचं. लेकरू झोळीत बसलं की दोन गोष्टींपैकी एक करतं. रडतं, नाहीतर झोका समजून पाय झाडतं. दोन्हींत तबकडीवरचा काटा जागेवर राहत नाही. एकदा एका लेकराचं वजन साडेनऊ आणि पावणेअकरा यांच्या मध्ये कुठंतरी होतं, आणि खाली उभ्या असलेल्या बायकांनी आपापल्या नात्याप्रमाणे आकडा ठरवला होता. आईच्या मते पावणेअकरा, चुलतीच्या मते साडेनऊ.

“पयले तीट लावू द्या, मंग टांगा,” अशी एका आजीची अट असते. चार बायांसमोर लेकराचं वजन मोठ्यानं वाचलं की दृष्ट लागते. सूनबाईंनी यावर तोड काढली आहे. त्या आकडा वाचत नाहीत. ओठ मिटून वहीत लिहितात आणि वही आजीकडे फिरवतात. आजीला वाचता येत नाही. दोघींचं समाधान होतं.

खरा पेच शेजारच्या आबांनी टाकला. नातू झोळीत बसला, काटा थांबला आणि आबा म्हणाले, “सूनबाई, हा काटा मारतो.”

“आबा, ह्यो सरकारी हाय.”

“म्हून तर म्हन्लं.”

सूनबाईंनी किराणा दुकानातून एक किलोचं माप आणवलं आणि आकड्याला लावलं. तबकडीनं बरोबर एक किलो दाखवलं. आबा म्हणाले, त्या दुकानदाराचं माप खरं कशावरून? मग स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून मिठाची सीलबंद पुडी आली. आबांनी ती उलटसुलट करून, शिवण तपासून, स्वतःच्या हातानं टांगली. एक किलोवर चिमूटभर जास्त. पिशवीचं वजन धरून हिशेब जुळला आणि काटा निर्दोष सुटला.

मी ओसरीवर बसून विचार करत होतो, की या काट्यानं मारावं तरी कुणाचं? मोंढ्यात विकणाऱ्याला वजन जास्त हवं असतं, घेणाऱ्याला कमी. इथं आईला जास्त हवं, आजीला हवं, सूनबाईंना हवं, अगदी वर बसलेल्या साहेबालाही अहवालात जास्तच हवं. तालुक्यात असा दुसरा काटा मला माहीत नाही.

अंगणवाडी हा शब्दच मुळी आंगणातून आला. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी समुद्राकाठच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या आंगणात नेली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली, आणि ताराबाईंचा शब्द तिच्यामागोमाग गावोगाव पोचला. समुद्राकाठी जन्मलेला हा शब्द आमच्या काळ्या रानात असा मुरलाय, की आबांना तो निजामाच्या वेळचा वाटतो.

आमच्या अंगणवाडीत शिकणं म्हणजे काय चालतं, हेही सांगतो. सूनबाईंनी एकदा तूर, सोयाबीन आणि ज्वारी एकत्र करून मुलांपुढे ओतली आणि वेगवेगळे ढीग करायला सांगितलं. रंग, आकार ओळखता यावेत हा हेतू. एका चार वर्षांच्या पोरीनं तीन ढीग केले खरे, पण तिन्हींत तिन्ही धान्यं होती. विचारलं तर म्हणाली, “ही पेरायची, ही खायची, ही इकायची.” सूनबाई क्षणभर थांबल्या आणि वहीत बरोबरची खूण केली. विकायचा ढीग सगळ्यात मोठा होता.

खाण्याचा हिशेब तर याहून मजेशीर. तीन ते सहा वर्षांच्या लेकराला इथून रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं सरकारी मोजमाप आहे. सूनबाईंनी हे पालक सभेत वाचून दाखवलं, तेव्हा आबांच्या कानानं नेमका ग्रॅम पकडला. “पंधरा ग्रॅम? म्हंजे दीड तोळा!” ग्रॅमवर मोजतात ते सोनं, एवढंच त्यांना माहीत. त्यांची दुसरी शंका जास्त अवघड होती. परभणीच्याच कृषी विद्यापीठाचं लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण आहे, नाव ‘परभणी शक्ती’. मग ज्वारीच्या जिल्ह्यात लेकरांना तांदळाची खिचडी कामून? सूनबाई म्हणाल्या, “वरून येतंय, आबा.” यावर आबांनी खरोखरच वर बघितलं.

घरी न्यायच्या शिध्यासाठी आता आईचा चेहरा मोबाइलला दाखवावा लागतो. कापूस वेचता वेचता धावत आलेली बाई, तोंडाला रुमाल, केसांत कापूस. मोबाइल म्हणतो, ही ती नव्हे. जिला अख्खं गाव खोकल्यावरून ओळखतं, तिला उन्हात उभं करून, रुमाल सोडायला लावून, सूनबाई म्हणतात, “डोळे मिचकाव गं एकदा.” ती लाजते. मोबाइल पुन्हा नाही म्हणतो.

दिवाळी झाली की मात्र समोरची गडबड अचानक कमी होते. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्चलेली असते. शाळेतल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय तरी असते. तीन वर्षांच्या लेकराला आई लागते, म्हणून ते बोचक्यांसोबत ट्रॅक्टरवर चढतं. आबांचा नातूही असाच गेला. जाण्याच्या आदल्या दिवशी सूनबाईंनी त्याला टांगलं. वय तीन वर्षं, वजन ११ किलो ६०० ग्रॅम. वाढीच्या तक्त्यावर टिंब हिरव्या पट्ट्यात, अगदी काठावर.

चैत्रात तो परत आला तेव्हा खूप शिकून आला होता. अंगणवाडीच्या पटांगणात त्यानं काटक्यांची कोपी बांधली, कडब्याच्या मोळ्या बांधल्या, आणि एका मोठ्या पोराला लाकडाचा ठोकळा कानाला लावून मुकादम म्हणून बसवलं. मुकादम ठोकळ्यात ओरडत होता, “गाडी भरा, गाडी!” इतर पोरं पटापट भरत होती. हा धडा कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हता, तरी सगळ्यांना येत होता.

मग त्याला काट्याला लावलं. ११ किलो ६००. आबा खूश झाले. “बघा, घट न्हाई आली!” पाच महिने बाहेर राहिलेला माल जसाच्या तसा भरला, यापरता चांगला व्यवहार त्यांनी आयुष्यात केला नव्हता.

सूनबाईंनी तक्ता उघडला. टिंब पिवळ्या पट्ट्यात पडलं होतं.

“वजन तेच हाय ना?”

“तेच हाय, आबा. वय पाच महिन्यांनी वाढलं. सोयाबीनचं पोतं पाच महिन्यांनी तेवढंच भरलं तर चांगलं. लेकरू तेवढंच भरलं तर वाईट.”

आबा बराच वेळ तक्त्यावरच्या त्या रेघेकडे बघत राहिले. काटा मारला असं ते म्हणाले नाहीत.

अंगणवाडी दहाला उघडते आणि खिचडी शिजायला अकरा वाजतात. आबा नातवाला घेऊन साडेनऊलाच पायरीवर येऊन बसतात.