साडूंचा हॉटस्पॉट

मोबाईलवाल्यांच्या हिशेबी आपल्या देशाचे 22 तुकडे आहेत. त्यांना सर्कल म्हणतात. त्यात मुंबई हे स्वतंत्र सर्कल आणि गोवा मात्र महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये. मुंबईसाठी इथे माणसं हुतात्मा झाली. गोवेकरांनी 1967च्या जनमत कौलात महाराष्ट्रात यायला नकार दिला. दूरसंचार खात्याने दोन्ही निकाल एका फटक्यात फिरवले.

त्यामुळे एकेकाळी दादरहून पुण्याला निघालेल्या मुंबईकराचा फोन खोपोलीच्या आसपास खिशात थरथरायचा : महाराष्ट्रात आपले स्वागत आहे! तिथून पुढे आलेल्या फोनलाही पैसे. डेटा रोमिंगचं बटण बंद केलंय ना, हे बायको गॅस बंद केल्यासारखं दोनदा विचारायची. एक सोय मात्र होती. उसने पैसे मागणाऱ्याचा फोन आला की ‘रोमिंगमध्ये आहे, नंतर बोलतो’ म्हणून ठेवून देता यायचा. 2015मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने रोमिंगमधल्या इनकमिंगची कमाल मर्यादा मिनिटाला 75 पैशांवरून 45वर आणली, तेव्हाच ही सबब लंगडी झाली. पुढे दोनेक वर्षांत कंपन्यांच्या चढाओढीत रोमिंगच फुकट झालं आणि उसने मागणारे मोकाट सुटले.

रोमिंगची कटकट संपली म्हणणाऱ्यांनी एकदा काश्मीरला जाऊन यावं. तिथे बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही. सुरक्षेचा नियम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पोस्टपेड चालतं, आणि आमच्या अख्ख्या टूरमध्ये पोस्टपेड होतं एकट्या आमच्या साडूंकडे.

एरवी साडूंना बसमध्ये खिडकीसुद्धा मिळत नाही. श्रीनगरला विमानातून उतरल्यावर बाकीचे फोन मुके झाले आणि साडूंचे ‘भाऊसाहेब’ झाले. पुढची सीट मिळाली. अनोळखी काकूंनी डिंकाचे लाडू पुढे केले. हॉटस्पॉटचा पासवर्ड म्हणजे मेव्हणीची जन्मतारीख. साडूंना ती दरवर्षी आठवण करून द्यावी लागते. आता सगळी बस तिचा जप करत होती. दल सरोवरात तर साडूंच्या शिकाऱ्याला बाकीचे शिकारे असे खेटून चालले की वल्ही वल्ह्यांवर आपटायला लागली. शिकारेवाले वैतागले. लांब राहिलं तर रेंज जाते, हे त्यांना कोण समजावणार?

खरी उधळपट्टी गुलमर्गला झाली. कुणी ‘शुभ सकाळ’ची फुलं झाडून सगळ्या ग्रुपवर वाटली. कुणी गोंडोलातले व्हिडिओ चढवले. एका मुलीने सांगलीला व्हिडिओ कॉल लावून आईला बर्फ दाखवला. आईने बर्फाकडे न बघता ‘कानटोपी कुठाय?’ एवढंच विचारलं. जेवायच्या सुमारास साडूंच्या फोनवर कंपनीचा संदेश आला : आपला डेटा संपला आहे.

परतताना काकूंनी लाडवांचा डबा उघडला, सगळीकडे फिरवला आणि साडूंच्या आधीच्या सीटवर झाकण लावलं. ‘भाऊसाहेब, जरा मागे बसता का? आमच्या ह्यांना गाडी लागते.’

काश्मीरला निघालाच असाल तर आधी सिम पोस्टपेड करून घ्या, नंबर तोच राहतो. मात्र बसमध्ये कुणी विचारलं तर बेधडक प्रीपेड म्हणून सांगा.