फोटोशुद्धीचा सशास्त्र विधी

लग्नानंतर दीड-दोन महिन्यांनी पेनड्राइव्ह घरी येतो. तो आल्याआल्या लॅपटॉपला लावू नये. आधी सगळ्यांची जेवणं आटोपावीत, सासर आणि माहेर एकाच खोलीत नसेल अशी वेळ साधावी, आणि टीव्हीला जोडून सामुदायिक दर्शन घडवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. मोठ्या पडद्यावर एकदा दिसलेला दोष नंतर कितीही दुरुस्त केला तरी नातेवाइकांच्या डोळ्यांतून जात नाही. पहिलं दर्शन नवरा-नवरीने दोघांनीच, दार लावून घ्यावं.

दर्शनानंतर जो विषाद येतो त्याचं आधी निदान करावं. ‘फोटो वाईट आलेत’ या तक्रारीखाली तीन वेगळे विकार असतात. एक, फोटो खरोखर बिघडलाय. दोन, फोटो उत्तम आहे, चेहराच तसा आहे. तीन, फोटोही ठीक, चेहराही ठीक, पण जाऊबाईंचा जास्त चांगला आलाय. सॉफ्टवेअर फक्त पहिल्यावर लागू पडतं. दुसऱ्याला वय वाढणं हा उतारा आहे. वीस वर्षांनी हाच फोटो कौतुकाने फ्रेम करून लावला जातो. तिसऱ्यावर अजून काही सापडलेलं नाही.

मात्र कोणालाही घाईने दुसऱ्या गटात ढकलू नये. समूह फोटोत अगदी कडेला उभे राहिलेले काका आहेत त्याहून दीडपट रुंद दिसत असतील, तर तो काकांचा दोष नाही. स्टेज अरुंद, माणसं बावीस, मागे सरकायला जागा नाही, म्हणून फोटोग्राफरने वाइड लेन्स लावली. आणि वाइड लेन्स कडेची माणसं आडवी ताणते. मधोमध उभी राहिलेली माणसं सडपातळ येतात. मधली जागा कोणी पटकावली होती हे ज्याला आठवतं त्याने आठवू नये.

आता जांभळ्या चेहऱ्यांचा प्रश्न. कार्यालयाच्या स्टेजवर डेकोरेटरने एलईडी पार लाइट लावलेले असतात, आणि ‘भैया, थोडा पर्पल मारो’ असं त्याला सांगणारा नवरीचा भाऊ आज घरात सगळ्यांत जास्त चिडलेला असतो. साध्या बल्बचा उजेड २,७०० ते ३,००० केल्विनच्या आसपास, दुपारच्या उन्हाचा ५,५०० च्या जवळ. हा फरक व्हाइट बॅलन्सची पट्टी सरकवून सावरता येतो. जांभळ्या दिव्यात हिरवा रंग जवळजवळ नसतोच. जो उजेड चेहऱ्यावर पडलाच नाही तो फाइलीत कुठून येणार? असे फोटो कृष्णधवल करावेत. कोणी विचारलं तर ‘तो आर्टिस्टिक सेट आहे’ असं सांगावं. फोटोग्राफरही हेच सांगतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात.

रंग सुधारायचे तर मूळ फाइली लागतात, म्हणजे ज्याला धंद्यात ‘रॉ डेटा’ म्हणतात तो. आपल्याला मिळालेली जेपेग म्हणजे भाजून तूप लावलेली पुरणपोळी. रॉ म्हणजे अजून न वाटलेलं पुरण, गूळ कमी-जास्त करायला वाव आहे. आकड्यांत सांगायचं तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मावतात, १४ बिटच्या रॉ फाइलीत १६,३८४. काळोखात बुडालेली निळी शेरवानी रॉमधून वर काढता येते, तिच्यावरची बुट्टीसुद्धा दिसते. जेपेगमधून काढायला गेलं तर नुसता करडा चिखल वर येतो.

हा डेटा मागण्याचा संवाद सर्वत्र सारखाच होतो, म्हणून पाठ करून जावा.

“दादा, रॉ फाइली मिळतील का?”

“रॉ देत नाही आपण, ताई. क्वालिटीचा इश्यू काय आहे?”

“सगळे जांभळे आलेत.”

“ते हॉलचं लायटिंग तसं होतं. आणि तुमचं सिलेक्शनच आलं नाही अजून. अल्बम त्यामुळेच थांबलाय.”

या शेवटच्या वाक्याने निम्मी गिऱ्हाइकं गारद होतात, कारण सिलेक्शन खरोखरच दिलेलं नसतं. तीन हजार फोटोंतून दीडशे निवडायचे आणि ते कुणाला निवडू द्यायचे यावर दोन्ही घरांत बोलणी अडलेली असतात. तेव्हा बोलायला जाण्यापूर्वी सिलेक्शन देऊन टाकावं. मग कायदा काढावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ असं सांगतं की, पैसे देऊन आपल्या सांगण्यावरून काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक आपण, वेगळा करार नसेल तर. कोटेशनच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात तो वेगळा करार आहे का, हे आधी घरी बघून घ्यावं; त्याच्या दुकानात चष्मा शोधत बसणं बरं दिसत नाही. शिवाय मालकी आपली आणि हार्ड डिस्क त्याची, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यामुळे आवाज फार चढवू नये.

अगदीच काही न जमल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मात्र फोटोग्राफर हा मावसभावाच्या मित्राचा मेहुणा असेल आणि पैसे ‘घरचंच कार्य आहे’ म्हणून पाकिटात घालून, पावतीशिवाय दिले असतील, तर आयोगाने तरी काय करावं?

एखादा भला फोटोग्राफर ‘घेऊन जा’ म्हणतो. त्याच्याकडे १६ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन जाऊ नये. तीन हजार फाइली, प्रत्येकी २५ एमबी धरली तरी ७५ जीबी होतात. हार्ड डिस्क न्यावी आणि सोबत पेढे न्यावेत.

फाइली घरी आल्या की घरातला जो भाचा किंवा पुतण्या आयटीत आहे त्याला बसवलं जातं. तो आयटीत पगाराची सॉफ्टवेअरं लिहितो याच्याशी कोणाला कर्तव्य नसतं. लाइटरूमचं भाडं भरायचं नसेल तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी फुकट मिळतं. एकच अट: ‘ऑटो’ हे बटण दाबू नये. हळदीच्या फोटोंवर तर नाहीच. सॉफ्टवेअरला हळद लागलेली नवरी दिसत नाही, कावीळ झालेला रुग्ण दिसतो, आणि ते तिला तत्परतेने बरं करतं. पिवळी अष्टपुत्री फिकी पडते, ओठ निळसर होतात, मागची सवाष्ण हिरवी होते.

त्याऐवजी फोटोत काहीतरी खरं पांढरं शोधावं आणि ड्रॉपर त्यावर टेकवावा. आपल्या लग्नात यासाठी शास्त्रानेच सोय करून ठेवली आहे: अंतरपाट. कुंकवाचं स्वस्तिक चुकवून, कडेच्या कोऱ्या कापडावर ड्रॉपर टेकवला की वधू, वर आणि दोन्ही मामा एका झटक्यात माणसांच्या रंगात येतात. अंतरपाट आजोबांच्या लग्नापासून घरात चालत आलेला असेल तर तो पांढरा उरलेला नसतो, हे लक्षात ठेवावं. गुरुजींच्या उपरण्यावर विसंबू नये. त्याला नीळ घातलेली असते आणि फ्लॅशमध्ये ती अधिकच खुलते.

जे दुरुस्त होत नाही त्याची नावं एकदा घेऊन मोकळं व्हावं. फ्लॅशमध्ये पार पांढरा पडलेला शालूचा पदर परत येत नाही. एलईडीच्या लुकलुकण्यामुळे सप्तपदीवर आडवे पट्टे आले असतील तर तेही सहज जात नाहीत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यावरचे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, शटर १/१०० वर ठेवलं असतं तर निभावलं असतं. हे आता सांगून उपयोग नाही, धाकटीच्या लग्नात सांगावं. आणि हललेला फोकस तर जगातलं कुठलंच सॉफ्टवेअर पूर्ण आणून देत नाही. नेमक्या शेवटच्या ‘सावधान’ला एक काका मोबाइल उंचावून कॅमेऱ्यापुढे आलेले असतात. फोकस त्यांच्या मोबाइलवर बसतो. मागे नवरा-नवरी धुक्यात, पुढे काकांचं घड्याळ, दोन अंगठ्या, आणि त्या मोबाइलच्या पडद्यावर तेच नवरा-नवरी हार हातात घेऊन लख्ख. हा फोटो टाकू नये. अख्ख्या समारंभातला तो एकमेव खरा फोटो असण्याची शक्यता आहे.

सॉफ्टवेअरमधल्या त्वचा नितळ करणाऱ्या पट्टीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. रिटचिंगची लाज वाटून घेण्याचं कारण नाही. काचेच्या निगेटिव्हच्या काळातही स्टुडिओतले कारागीर टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवरच सुरकुत्या बुजवत असत. फरक इतकाच की त्या माणसाला काय बुजवायचं नाही हे कळत होतं. आताच्या पट्टीला आजीच्या कपाळावरचं गोंदण डाग वाटतं. नवरीच्या केसांत अडकलेल्या अक्षता तिला लेन्सवरची धूळ वाटते. मुंडावळ्यांचा कपाळावर पडलेला दोरा ती शीर समजून पुसते, आणि मग मोती अधांतरी लोंबतात.

आणि गोरं करणं. ते कोणी सांगावं लागत नाही, पॅकेजमध्येच धरलेलं असतं. सावळी मुलगी स्वतःच्या लग्नात स्वतःसारखी दिसत नाही, हातांचा रंग एक आणि चेहऱ्याचा दुसरा. इथे गंमत थांबवून सांगतो: मूळ फाइली मागायला हे एवढं कारण पुरेसं आहे. उघडून बघितल्या की बहुतेक वेळा कळतं, फोटो बरा निघाला होता. बिघडला नंतर, कोणीतरी प्रेमाने सुधारताना. करिझ्मा अल्बममध्ये जोडप्याच्या मागे आल्प्स पर्वत असतो, कोपऱ्यात गुलाब, ढगांत नवरदेवाचं दुसरं डोकं. मूळ फोटोत त्याच जागी कार्यालयाची खिडकी, तिच्यावर वाळत टाकलेला पंचा आणि बुंदीचं ताट घेऊन चाललेला आचारी असतो. मला विचाराल तर आचारी ठेवावा.

मिटलेले डोळे उघडण्यासाठी पुढच्या-मागच्या फ्रेममधून डोकं उचलून बसवता येतं. बसवताना चष्मा तोच आहे का आणि माणूस तोच आहे का, दोन्ही तपासावं.

तयार झालेले फोटो व्हॉट्सॲपवर नुसते टाकू नयेत. ते त्यांना पिळून लहान करतं आणि सगळी मेहनत वाया जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. त्यावर ‘उघडत नाहीये’ असे फोन येतील. ते आयटीतल्या भाच्याकडे वळवावेत.

सर्वांत शेवटी आत्याचा फोन येतो. एकाही फोटोत ती नाही. वाद न घालता मूळ फाइली पुन्हा उघडाव्यात आणि फोटोग्राफरने गाळलेल्या फ्रेम चाळाव्यात. ती सापडते: पंगतीच्या कडेला, अंधारात, तोंडात अख्खी जिलबी, हात वाढप्याला ‘नको नको’ म्हणतोय आणि डोळे ‘अजून एक’ म्हणताहेत. उजेड दोन स्टॉप वाढवावा, बाजूची मठ्ठ्याची वाटी कापावी, जिलबीला हात लावू नये. तो फोटो तिला पाठवू नये. तिच्या सुनेला पाठवावा.