सुटली की सोडली?

जव्हारला हनुमान पॉइंटवर वीकेंडची गर्दी झाली की तीत एखादा बंदूकशौकीन निघतोच. ओळखायचा कसा? तुम्ही नुसतं 'गोळी' म्हणा. तो लगेच म्हणेल, "काडतूस!"

त्याचं बरोबर आहे. पुंगळी, दारू, टोपी आणि गोळी मिळून काडतूस. उडते ती फक्त गोळी. मॅगझिनला क्लिप म्हणालात तर मात्र चहा थंड होईपर्यंत सुटका नाही.

मग त्याला 12 बोअर म्हणजे काय ते विचारा. पौंडभर शिशाच्या 12 सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेमतेम जाईल एवढी नळी, हे तो झोकात सांगेल. त्याच दमात '410 बोअर'ही म्हणेल. पौंडात 410 गोळ्या? छे, ते तर 0.410 इंच!

परीक्षकच नापास.

मोखाड्याच्या पाड्यांवर असला घोळ नाही. ठासणीची म्हणजे तोंडातून दारू-छर्रे ठासायची, काडतुसाची म्हणजे काडतूस घालायची. झालं! 1959 च्या शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणासाठीची ठासणीची बंदूक वेगळी नमूद आहे. बातमीत मात्र 'गावठी' म्हटलं की पुढे कट्टाच. कट्टा कमरेला खोचतात. ठासणीची खोचून दाखवा!

आणि काडतुसं सापडतात ती 'जिवंत'च. मेली की त्यांची पुंगळी होते, हा भाग वेगळा.

जानेवारी 2025 मध्ये पालघर तालुक्यात, बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी डुक्कर समजून सोबत्यालाच मारलं. माणूस गेला. बंदुकीने कुणी गेलं की एक वाक्य तयार असतंच: 'चुकून गोळी सुटली.'

सुटली? दावं तोडून वासरू सुटतं, तशी?

काडतूस-गोळीवर हमरीतुमरीला येणारे इथे चिडीचूप. क्रियापद त्यांच्या अखत्यारीत येत नसावं.

ठासणीचीच घ्या. आधी नळीत दारू ओतायची. मग गजाने ठासायची. छर्रे घालायचे. टोपी बसवायची. घोडा मागे ओढायचा. नेम धरायचा. ही सहा कामं माणसाने केली आणि चाप दाबायचं सातवं बंदुकीने आपणहून केलं?

मग जबाब बंदुकीचाच घ्या की!