आमचे पाणबुडे साडू

आमचे साडू पूर्वी बरे होते. लग्नकार्यात शेअर बाजारावर बोलायचे, दुपारी पंक्तीनंतर घोरायचे. मग ते मालवणला गेले. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ एका पोरानं मानगूट धरून त्यांना पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं हिंडवलं, आणि वर आले ते निराळेच गृहस्थ. पुढे रीतसर कोर्स करून त्यांनी १८ मीटर खोल उतरण्याचं कार्ड मिळवलं. पाकिटात ते आधार कार्डाच्या पुढे असतं.

तेव्हापासून त्यांच्यापुढे कुणी अंगठा वर करायची सोय नाही. "पाण्याखाली याचा अर्थ 'वर चला'. 'ठीक आहे' म्हणायचं तर हे असं," म्हणत ते अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात. जेवताना "पोळी वाढू का?" असं विचारलं तरी गोलच. सासूबाईंना वाटतं जावई शून्य दाखवतायत. त्या पुढच्या पानाकडे जातात.

गेल्या वर्षी दोन्ही कुटुंबं बालीला गेलो. सानूरहून बोट निघाली ती नुसा पेनिदा बेटाच्या दक्षिण किनाऱ्याकडे. तिथल्या एका जागेचं नावच मांटा पॉइंट. वर चुनखडीचे उभे कडे, खाली हिंदी महासागराची उसळी. माझा नाश्ता परतीच्या वाटेवर होता; साडू मात्र मास्कच्या काचेला थुंकी चोळत (धुकं धरू नये म्हणून चोळतात; घरी चष्म्याला चोळली तर मेव्हणी काय म्हणेल?) वर्ग घेत होते. मांटा माशाला नांगी नसते. तो प्लवक गाळून खातो. खडकांवर येतो तो अंग साफ करून घ्यायला; इवले मासे त्याच्या अंगावरचे परजीवी टिपतात. म्हणजे ते त्याचं सलून. आपण बाजूला, तळाशी स्वस्थ राहायचं. पाठलाग नाही, स्पर्श तर नाहीच, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

स्वस्थ राहायचं! या माणसाला मी बँकेच्या रांगेतही स्वस्थ पाहिलेलं नाही.

त्यांनी तोंडात रेग्युलेटर धरला तशी मेव्हणी हळूच म्हणाली, "पाऊण तास बोलणार नाहीत. या पैशांत स्वस्तच पडलं."

मी आपला स्नॉर्केल लावून वर तरंगत होतो. बराच वेळ नुसतं हिरवट पाणी. मग खालून एक काळा आकार आला. दिवाणखान्यातला गालिचा कुणी सावकाश झटकावा तसे पंख हलवत. टोकापासून टोकापर्यंत तीनेक मीटर तरी असेल. खडकावर येऊन तो जवळजवळ थांबला. माझी मळमळ कुठे गेली कळलं नाही.

साडूंना मात्र हे कुणाला तरी सांगायचं होतं. ते वाटाड्याला बोट दाखवत होते, जो आधीच तिकडेच पाहत होता. शेजारच्या जपानी बाईंना दाखवत होते. तोंडातून बुडबुड्यांचे लोट. बोलायच्या या धडपडीत २०० बारची टाकी पंचविसाव्या मिनिटाला ५० वर आली. वाटाड्यानं त्यांचा दाबमापक तपासला आणि अंगठा वर केला.

साडूंनी हसून गोल केला.

वाटाड्यानं पुन्हा अंगठा केला. साडूंनी दोन्ही हातांनी दोन गोल केले. शाबासकी मिळत होती ना! शेवटी त्यानं त्यांचा पट्टा धरला. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबवून वर आणलं ते थेट मालवणच्या पद्धतीनं, मानगुटीला धरून.

हल्ली साडूंच्या घरी भिंतीवर त्या मांटाच्या पोटाचा मोठा फोटो आहे. पोटावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे. संशोधक त्यावरूनच त्यांना ओळखतात. साडूही ओळखतात. मुंजीत सख्ख्या भाच्याला "आपण कोण?" असं विचारलं होतं, ती गोष्ट वेगळी.

परवा तो फोटो त्यांनी जेवताना सासूबाईंपुढे धरला. सासूबाई मूळच्या मालवणच्या. चष्मा सावरून म्हणाल्या, "ह्यां पाकटच मा?"

साडूंनी हातातला घास खाली ठेवला. पाकटाला नांगी असते इथून सुरुवात झाली. इंडोनेशियानं २०१४ मध्ये मांटाला देशभर संरक्षण दिलं तिथवर येईतो आमटी निवली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग जावयाच्या पानाकडे पाहिलं आणि शांतपणे अंगठा वर केला.