हिरवी पुडी

ओहायोतल्या आमच्या गावापासून भारतीय वाणसामानाचं दुकान तासाभराच्या वाटेवर. गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी बायकोच्या लक्षात आलं, तांदळाची पिठी संपलीय. मी ऐटीत म्हणालो, "कोपऱ्यावरच्या थाई दुकानातून आणतो. भात खाणारीच माणसं ती!"

तिथे एकाच कंपनीच्या लाल, हिरव्या आणि निळ्या पुड्या. तिन्हींवर तीन डोक्यांचा हत्ती. थायलंडात इंद्राचा ऐरावत असा काढतात, पण मला वाटलं बाप्पानंच पत्ता दिला. मजकूर थाई. इंग्रजी होतं, पण आयातदारानं कॅलरींचा पांढरा कागद नेमका त्यावर डकवलेला. नखानं कोपरा उचकटला, तर 'राइस फ्लोअर' एवढं दिसलं. त्याआधीचा शब्द कागदाबरोबर निघून आला. मग रंगावर भिस्त ठेवली. हिरवा म्हणजे शाकाहारी, एवढं तरी मायदेशी शिकलोय. सणासुदीला लाल कशाला? जोडीला फ्रीझरमधली केळीची पानं घेतली आणि विजयी मुद्रेनं घरी आलो.

उकड काढायला बायकोनं पीठ आधणात टाकलं आणि उलथणं तिथेच रुतलं. ओढलं तर पातेलं सोबत वर आलं. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "तुपाचा हात लाव रे." लावला. आता तुपासकट चिकटलं. पारी करायला घ्यावी तर ती लांबतच जाई. कळ्या पाडाव्यात तर बोट काढेपर्यंत मिटून जात.

ते निघालं चिकट तांदळाचं पीठ. त्यात अमायलोज जवळजवळ नसतंच, म्हणून शिजलं की रबरासारखं ताणलं जातं. जपानी लोक मोची करायला मुद्दाम तसला तांदूळ घेतात. आपली साधी पिठी लाल पुडीत होती. (निळीत टॅपिओकाचं पीठ. तेवढ्यावरून वाचलो.)

वाफवल्यावर एकवीस मोदकांचा मिळून एक झाला. केळीच्या पानासकट तोच नैवेद्याला ठेवला. आरतीला शेजारच्या चिनी आजी आल्या होत्या. त्यांनी सुरीनं कापून दोनदा मागून खाल्ला आणि बायकोला विचारलं, "छान जमलाय. पण आत काळ्या तिळाऐवजी खोबरं का घातलंस?"

मी काही बोलणार, तोच बायकोनं माझ्या हातात रिकामं पातेलं दिलं. घासायला.