दीड तासाचा सायलेन्सर

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,


गाडी आली. फोटो मिळाले असतीलच. परवा फोनवर बाबांनी विचारलं, "शेवटी किती तास लावले त्यांनी?" आणि मी उत्तर देणार तेवढ्यात आईंनी फोन घेऊन मुहूर्ताची चौकशी सुरू केली. म्हणून सगळं सविस्तर लिहिते. समीर लिहिणार नाही. तो गॅरेजचं दार उघडं टाकून, गाडी नुसती सुरू करून आवाज ऐकत उभा आहे.

गाडी छोटी, चार दारांची आणि हाताने गिअर टाकायची. इथे कोणी अशी गाडी मागितली की सेल्समन आधी आपल्याकडे बघतो, मग आपल्या पिकल्या केसांकडे. समीरच्या बाबतीत त्याने दोन्ही नीट बघून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सर, तुमच्यासाठी पॅक बसवता येईल अशी एक गाडी आहे."

इथल्या प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीचं किंमतपत्रक चिकटवलेलं असतं. 1958 सालचा कायदाच आहे तसा. ओक्लाहोमाचे सिनेटर मोनरोनी यांनी तो आणला, म्हणून त्या कागदाला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाईपर्यंत डीलरला तो काढता येत नाही. इथवर सगळं सोवळ्यातलं. पण त्याला लागूनच डीलर स्वतःचा दुसरा कागद लावतो, आणि खरा धंदा त्या कागदावर चालतो. आमच्या गाडीच्या दुसऱ्या कागदावर पहिली ओळ होती: टायरमध्ये नायट्रोजन, 199 डॉलर. बाबा, आपण फुकट श्वासात घेतो त्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो ना? म्हणजे हे 199 उरलेल्या बावीस टक्क्यांचे. आणि शेवटची ओळ: परफॉर्मन्स पॅक, 4,800 डॉलर.

हा पॅक म्हणजे दिवाळीत ऑफिसातून येणारी भेटपेटी. आपल्याला हव्या असतात त्यातल्या दोन गोष्टी, बाकी सोनपापडी. भारदस्त आवाजाचा एक्झॉस्ट, इंजिनाला मोकळी हवा देणारा इनटेक, गाडी इंचभर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि वळणावर गाडी कलू नये म्हणून मागे जाडसर अँटी-रोल बार.

हे प्रकरण सगळं थापेबाजीचं नसतं हं. मस्टँग जीटीसाठी फोर्डचा स्वतःचा सुपरचार्जर मिळतो, त्याने गाडी 800 हॉर्सपॉवरपर्यंत जाते, आणि डीलरकडे बसवून घेतला तर त्यावर 3 वर्षं किंवा 36,000 मैलांची हमी. टोयोटाही नवी गाडी घेतानाच बसवलेल्या आपल्या अस्सल भागांना 36 महिने किंवा 36,000 मैलांची हमी देते. समीरचा मुद्दा हाच होता, आणि तो रास्त होता. बाहेरून स्वस्तात बसवलं तरी कायदा आपल्या बाजूने असतो. 1975 चा मॅग्नसन-मॉस कायदा सांगतो की नुसता बाहेरचा भाग दिसला म्हणून कंपनीला हमी नाकारता येत नाही, त्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. पण गाडी बंद पडलेली असताना "दाखवा बरं" म्हणत काउंटरवर भांडत कोण बसणार?

तर पॅक. सेल्समनने 4,800 हा आकडा तोंडातून काढलाच नाही. तो म्हणाला, "महिन्याला फक्त 82 डॉलर जास्त." समीर मान डोलवायच्या बेतात होता. मी विचारलं, किती महिने? 72. मग पर्समधली वाणसामानाची यादी उलटी करून त्याच्यासमोरच गुणाकार मांडला: 5,904. त्यावर त्याने मला पाण्याची बाटली आणून दिली.

तिथून बोलणी माझ्याकडे आली. मी म्हटलं, आधी गाडीची किंमत, रजिस्ट्रेशन आणि टॅक्स धरून, पॅक सोडून. ती ठरल्यावर एकेका भागाची किंमत वेगळी आणि बसवायची मजुरी वेगळी. कागदपत्रांच्या फीवर घासाघीस करायची वेळच आली नाही, कारण कॅलिफोर्नियात ती 85 डॉलरच्या वर घेता येत नाही. नायट्रोजन गेला. (टायरमध्ये आहे तसाच राहिला, बिलातून गेला.)

इनटेक समीरनेच बाद केला. इथे इंजिनाच्या धुराशी संबंध येणारा भाग बदलायचा तर त्याला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. समीर तो क्रमांक मागत राहिला, सेल्समन "काळजी नको" म्हणत राहिला. क्रमांक काही आला नाही. एक्झॉस्टचं तसं नसतं. कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा भाग बदलला तर चालतो, आवाज तेवढा 95 डेसिबलच्या आत हवा. स्प्रिंगांना मी नाही म्हटलं. आपल्या घरासमोरचा उतार तुम्ही बघितलाय, आहे ती गाडीच पुढून घासते.

आणि मजुरी! तिथे बाबा, तुम्ही कामाला आलात. ताशी दर 220 डॉलर. (समीरने लगेच तुमच्या दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधल्या पगाराशी हिशेब मांडायला घेतला, मी त्याला गप्प केलं.) एक्झॉस्टला साडेचार तास आणि बारला दोन. मी तिथूनच तुम्हाला फोन लावला. इथे संध्याकाळचे पाच, तुमच्याकडे पहाटेचे साडेपाच, तुम्ही फिरायला निघालेले. तुम्ही एकच प्रश्न विचारलात: "बोल्ट गंजलेत का?" मी सेल्समनकडे वळून तोच प्रश्न केला. तो म्हणाला, "मॅडम, गाडी कोरी आहे!" त्यावर तुम्ही म्हणालात, "मग सायलेन्सरला दीड तास. बारला एक. साडेचार तासांत मी आख्खी एसटी खाली उतरवली असती." मी भाषांतर करून सांगितलं. एसटीचा भाग गाळला.

तो काचेच्या खोलीतल्या मॅनेजरकडे गेला. तिथे ते दोघं काय बोलत होते देव जाणे, पण मॅनेजर हसताना दिसत होता. परत आला तो तीन तासांवर. तुमच्या हिशेबापेक्षा अर्धा तास जास्त, तो मी मुद्दाम सोडला; माणसाला मॅनेजरसमोर काहीतरी दाखवावं लागतं. एक्झॉस्ट 1,150, बार 280, मजुरी 660. वरचे 90 सोडायला लावले आणि 2,000 वर मिटवलं.

आता आई, मुहूर्त. सप्टेंबरअखेर डीलरला महिन्याचा कोटा पुरा करायचा असतो आणि नवीन सालची मॉडेलं दारात उभी असतात, म्हणून तेव्हाच भाव खाली येतो. आणि यंदा सप्टेंबरअखेर म्हणजे ऐन पितृपक्ष. पण एक्झॉस्ट गोदामात शिल्लक नव्हता. आम्ही सही केली, भाग यायचेत आणि डीलरने ते ठरलेल्या किमतीतच बसवायचेत असं त्याच्याकडून भागांच्या नंबरांसकट लिहून घेतलं, आणि गाडी तिथेच ठेवली. एक्झॉस्ट रखडत रखडत आला, आणि किल्ली हातात पडली ती दसऱ्याला. सही म्हणजे खरेदी नव्हे, किल्ली म्हणजे खरेदी, असं मी इथल्या गुरुजींकडून वदवून घेतलंय. झेंडूचं तोरण बॉनेटवर आहे, फोटोत दिसेल.

गाडीची ताकद वाढली का, असं बाबा विचारतील. नुसत्या एक्झॉस्टने वाढून वाढून पाच-सात हॉर्सपॉवर वाढली असेल. समीर त्या वाढीव हॉर्सपॉवरसह रोज सकाळी 880 हायवेवर ताशी दहा मैलांनी ऑफिसला जातो. वळणावर मात्र गाडी खरंच कमी कलते. मागे बसलेल्या आमच्या चिन्मयच्या हातातला कोक सांडला नाही, हा माझा पुरावा.

बाकी सर्व ठीक. आईंच्या गुडघ्याची पट्टी पाठवली आहे.

आपली,
मेधा

ता. क. चिन्मयला आता मागे स्पॉयलर हवाय, 600 डॉलरचा. माझं ऐकत नाही. रविवारी फोन कराल तेव्हा बाबांनी त्याला फक्त एवढंच विचारावं, की स्पॉयलर किती मैलांच्या वेगानंतर काम करायला लागतो.