प्रमाणाबाहेरची सायकल

न्यायदर्शनाने यथार्थ ज्ञानाची चार साधने मानली आहेत, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, आणि त्यांना प्रमाणे असे नाव दिले आहे. सायकलउद्योगातही प्रमाणे असतात. तेथे प्रमाण म्हणजे सुट्या भागांच्या मापांविषयी कारखानदारांनी केलेला संकेत, आणि एकाचा भाग दुसऱ्याला बसावा एवढाच त्यामागचा मूळ हेतू होता. या दोन अर्थांमध्ये किती अंतर पडले आहे हे पंधरा-सोळा वर्षांनंतर नवी फुल सस्पेन्शन सायकल, म्हणजे पुढे झटके सोसणारा चिमटा आणि मागे सांध्यांवर हलणारा त्रिकोण व त्याला आवरणारा शॉक असलेली डोंगरी सायकल, घ्यायला निघालेल्या ग्राहकाइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणालाही कळत नसावे.

प्रस्तुत विवेचनातील ग्राहक कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठी, सनीव्हेल किंवा फ्रीमाँट येथे विपुल आढळतो. त्याचे बालपण पुण्यात, दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारण्यात गेलेले असते. 2008 च्या सुमारास, गुडघे शाबूत असताना, त्याने पहिली डोंगरी सायकल घेतलेली असते. पुढे घराचे कर्ज, मुलांचे सॉकर आणि स्वतःचा मणका यांच्या संयुक्त प्रयत्नांनी ती गॅरेजच्या भिंतीवर टांगली जाते, आणि मुले कॉलेजात गेल्यावर व डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा आकडा ऐकवल्यावरच ती खाली उतरते. उतरवताना त्याच्या मनात एक साधा व्यवहारी विचार येतो, तो असा की फ्रेम तेवढी नवी घ्यावी, चाके जुनीच चालतील. पुण्यातील कोणत्याही सायकलवाल्याने या विचाराला मान डोलावली असती. येथील दुकानातील दाढीधारी तरुण कारागीर मात्र तो ऐकताच मयताच्या घरी आल्यासारखा आवाज खाली आणतो.

जुन्या सायकलीला काही झालेले नसते, ती निर्वंश झालेली असते. तिचे चाक 26 इंची, म्हणजे रिमच्या ज्या कडेवर टायर बसतो त्या कडेचा व्यास 559 मिमी. सध्या प्रचलित असलेले चाक 29 इंची, आणि त्याचा व्यास 622 मिमी. हे माप रस्त्यावरील शर्यतीच्या सायकलींना 700सी या नावाने कितीतरी आधीपासून आहे, त्यावर जाड टायर चढल्यामुळे बाहेरचा घेर वाढला आणि नाव नवे मिळाले. या दोन चाकांच्या मध्ये 2012 नंतर 27.5 इंची चाक अधिक महिन्यासारखे येऊन बसले. नावावरून ते बरोबर मध्यावर असल्याचा समज होतो, पण त्याचा व्यास 584 मिमी, म्हणजे 26 पेक्षा 25 मिमी जास्त आणि 29 पेक्षा 38 मिमी कमी, असल्याने वरचा अर्धा इंच हा भूमितीचा नसून जाहिरातीचा मानावा लागतो. पुण्यात दूधवाला ज्या काळ्या 28 इंची सायकलीला दोन्ही बाजूंनी किटल्या लावून पेठांतून हिंडत असे, तिच्या रिमचा व्यास 635 मिमी होता. रिमच्या हिशेबाने ग्राहकाने लहानपणी हाफ पायडल मारून जी सायकल आटोक्यात आणली, ती आजच्या अत्याधुनिक 29 इंचीपेक्षा 13 मिमी मोठी होती. हे तो दुकानात बोलून दाखवत नाही, कारण तेथे 29 हा आकडा 28 पेक्षा मोठा मानण्याचा प्रघात आहे.

उपमान या प्रमाणाचीही अशीच गत आहे. अलीकडे पुढे 29 इंची आणि मागे 27.5 इंची चाक लावण्याची पद्धत रूढ झाली असून तिला म्युलेट म्हणतात. पुढचे मोठे चाक दगडांवरून सहज चढते, मागचे लहान चाक वळणावर चपळ राहते आणि उभ्या उतारावर मागे सरकलेल्या स्वाराच्या बुडाला घासत नाही, हे तिचे गुण खरेच आहेत. पण म्युलेट हे पुढे आखूड आणि मागे लांब अशा केशरचनेचे नाव आहे आणि सायकल पुढे मोठी व मागे लहान, तेव्हा उपमा उलटी चढवली गेली आहे. तरी तिला कोणी हरकत घेतलेली दिसत नाही.

चाक बदलले म्हणजे आस बदलणे आले. जुना मागचा आस 135 मिमी रुंदीच्या खाचेत बसे आणि एका खटक्याने सुटे. पुढे त्याची जाडी 12 मिमी आणि रुंदी 142 मिमी झाली, 2015 च्या आसपास बूस्ट या नावाने 148 मिमी झाली आणि त्यानंतर काहींनी सुपर बूस्ट म्हणून ती 157 वर नेली. 142 वरून 148 वर जाण्याचे कारण असे सांगितले जाते की मोठ्या चाकाचे आरे लांब असल्याने ते लवते, म्हणून आरे अडकवण्याच्या चकत्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मिमी बाहेर ढकलाव्या लागल्या. म्हणजे मोठे चाक हे दुखणे आणि रुंद आस हे त्यावरचे औषध ठरले. त्या औषधाने चेनची रेषाही तीन मिमी बाहेर गेली, आणि त्यावरचा उतारा म्हणून पुढचे दातेरी चक्रही वेगळे घ्यावे लागले. पंचांगात स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादशा लागोपाठच्या दिवशी येतात तेव्हा सामान्य माणूस गोंधळतो खरा, पण साबुदाणा दोन्हींना एकच चालतो. 148 चे चाक 157 च्या फ्रेमला चालत नाही.

निष्पक्षपातासाठी नमूद केले पाहिजे की काही बदल खरोखर शहाणपणाचे आहेत. जुन्या सायकलीला पुढे तीन आणि मागे नऊ चक्रे मिळून 27 गिअर होते, नवीला पुढे एक आणि मागे बारा, म्हणजे बाराच असतात, आणि दुप्पट पैसे देऊन निम्म्याहून कमी गिअर घरी न्यायचे या कल्पनेने मध्यमवर्गीय मन प्रथम व्यथित होते. पण 27 पैकी बरेच एकमेकांची पुनरावृत्ती करणारे होते, आणि चढावर लागणारा सर्वांत हलका जोड पाहिला तर जुना 22 दातांना 34 दातांचा, नवा 32 दातांना 51 दातांचा, म्हणजे निदान दातांच्या हिशेबाने नवाच किंचित हलका निघतो. अंगठ्याने कळ दाबताच सीट खाली जाणारा व पुन्हा वर येणारा सीटचा खांब, ज्याला ड्रॉपर म्हणतात, त्याबद्दल तर वाद नाहीच. जो ब्रीझ या सायकल-निर्मात्याने एका सहकाऱ्याच्या जोडीने 1984 सालीच स्प्रिंगच्या साध्या पट्टीने हे काम साधले होते. उद्योगाला तिचे महत्त्व पटायला आणखी वीसेक वर्षे लागली, कारण त्या काळात सारे लक्ष सायकलीचे वजन चाळीस ग्रॅमने कमी करण्याकडे होते. हेच उद्योगधुरीण आज चौदा-पंधरा किलोची सायकल दाखवून वजनाला फारसे महत्त्व नसते असे सांगतात.

अनुमान हे प्रमाण ज्यावर चालते त्याला जॉमेट्रीचे कोष्टक म्हणतात. त्यात चिमट्याचा जमिनीशी होणारा कोन असतो, जो पूर्वी 69 अंशांच्या आसपास होता आणि आता 64-65 वर आला आहे. रीच असते, म्हणजे पायडलांच्या आसापासून चिमट्याच्या नळीच्या माथ्यापर्यंतचे आडवे अंतर, जे वाढत गेले आहे. आणि हँडलला चिमट्याशी जोडणारा स्टेम नावाचा खुंट असतो, जो 90 मिमीवरून 45 वर आला आहे. पुढचे चाक जितके पुढे, तितका उतारावर स्वार हँडलवरून डोक्यावर पडण्याचा संभव कमी, हे त्यातील तत्त्व आहे. असे पुढे गेलेले चाक चढावर भरकटते, म्हणून सीट पुढे आणून स्वाराचे वजन पुढे घेतले गेले. हँडल 660 मिमीवरून 780 वर गेले, त्यामुळे दोन रेडवुड वृक्षांमधल्या ज्या फटीतून ग्राहक 2008 साली सुखरूप जात असे तीच फट आता त्याची बोटे मोजून घेते. वृक्ष आपल्या जागीच आहेत.

शब्दप्रमाण म्हणजे आप्तवाक्य, विश्वासार्ह व्यक्तीचे वचन. या क्षेत्रात आप्त म्हणजे उत्पादकाचे माहितीपत्रक, आणि ते सायकलीची जात सांगते. चाक किती वर-खाली हलू शकते, ज्याला ट्रॅव्हल म्हणतात, त्यावरून जाती ठरतात: 100 ते 120 मिमी असेल तर क्रॉसकंट्री, 130 ते 150 असेल तर ट्रेल, 160 ते 170 असेल तर एंड्युरो, 200 असेल तर डाउनहिल. क्रॉसकंट्री आणि ट्रेल यांच्या सांध्यावर डाउनकंट्री नावाची एक उपजात आहे. हा शब्द एका सायकल-पत्रकाराने थट्टेने वापरला होता, आणि काही वर्षांतच तो गंभीर चेहऱ्याने माहितीपत्रकांत छापला जाऊ लागला. उपहास लिहिणाऱ्यांनी यावरून योग्य तो धडा घेऊन शब्द जपून वापरावेत.

सांध्यांचे शास्त्र याहून उद्बोधक आहे. पायडल मारताना चेनच्या ओढीने मागचा भाग बसू नये आणि ब्रेक दाबल्यावर तो आखडू नये, यासाठी हॉर्स्ट लाइटनर या ऑस्ट्रियन अभियंत्याने मागच्या आसाच्या किंचित पुढे, खालच्या नळीवर एक सांधा बसवला, जो हॉर्स्ट लिंक म्हणून प्रसिद्ध आहे. 1998 साली स्पेशलाइज्डने त्याचे पेटंट विकत घेतले, आणि त्यानंतर अमेरिकेत सायकली विकणाऱ्या इतर अनेकांना तोच सांधा आसाच्या वर, दुसऱ्या नळीवर सरकवणे तांत्रिकदृष्ट्या श्रेयस्कर वाटू लागले. पेटंटची मुदत सरल्यावर आसाच्या पुढची जागाच उत्तम होती, असा साक्षात्कार त्यांपैकी बऱ्याच जणांना झाला.

राहिले प्रत्यक्ष. ग्राहकाला सायकल पंधरा मिनिटे चालवून पाहता येते, पण दुकानाच्या पार्किंगमध्ये, जेथील सर्वांत दुर्गम प्रदेश म्हणजे पदपथाची कड होय. तो त्या कडेवरून दोनदा उतरतो, पुढचा ब्रेक दाबून चिमटा झुकवतो, आंबा दाबून पाहावा तशी सीट तळहाताने दाबून पाहतो आणि "छान वाटते" असे म्हणतो. थेट कारखान्यातून खोक्यात सायकल पाठवणाऱ्या विक्रेत्यांनी ही अडचणही दूर केली असून तेथे प्रत्यक्षाचा क्रम पैसे भरल्यानंतर येतो.

त्या प्रत्यक्षाचा पहिला विधी सॅग मोजण्याचा असतो. सॅग म्हणजे स्वार नुसता बसला असता सस्पेन्शनने किती दबावे ते माप, आणि मागच्या शॉकसाठी ते साधारण तीस टक्के सांगितले जाते. शॉकच्या दांड्याची हालचाल 55 मिमी असेल तर साडेसोळा मिमी. ग्राहक हेल्मेट, पाण्याची पिशवी आणि बुटांसह एका हाताने गॅरेजच्या भिंतीला धरून सायकलीवर बसतो, दांड्यावरची रबरी चकती सीलपर्यंत सरकवतो, श्वास रोखून उतरतो आणि मोजपट्टी लावतो. चौदा मिमी भरते. हवा कमी करायची म्हणून तो शॉकचा छोटा पंप लावतो, तर लावताक्षणीच काटा घसरलेला दिसतो, कारण शॉकमधील थोडी हवा पंपाच्या नळीत शिरलेली असते. ती गळाली असे समजून तो आणखी भरतो, पंप काढताना फुस्स असा आवाज येतो, जो केवळ नळीतील हवेचा असतो, पण ग्राहकाला वाटते की भरलेले सगळे गेले, म्हणून तो पंप पुन्हा लावतो. हा क्रम पत्नी जेवायला हाक मारीपर्यंत चालू शकतो. तोवर मोजपट्टी अकरा मिमी दाखवत असते.

किमतीविषयी थोडक्यात एवढेच, की मध्यम प्रतीची सायकल पाच-सहा हजार डॉलरांना पडते. महासाथीच्या काळात सायकली मिळत नव्हत्या म्हणून ग्राहक थांबला. 2023 मध्ये गोदामे तुंबून सवलती सुरू झाल्या तेव्हा किमती आणखी उतरतील म्हणून थांबला. दोन्ही वेळा त्याने हे नियोजन असल्याचे घरी सांगितले.

या साऱ्या सामग्रीचे कार्यक्षेत्र म्हणजे उपसागराच्या उत्तरेचा मरीन परगणा, या खेळाचे जन्मस्थान. 1976 साली फेअरफॅक्सजवळच्या रिपॅक नावाच्या वाटेवर काही तरुणांनी 1930-40 च्या दशकांतील जड सायकली घेऊन उतरण्याच्या शर्यती सुरू केल्या. ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे, तो तापून आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक खेपेनंतर ते नव्याने भरावे लागे, म्हणून त्या वाटेचे नाव रिपॅक. सस्पेन्शन शून्य मिमी होते. सुमारे दोन मैलांच्या त्या उतारावरचा, त्या तरुणांपैकी गॅरी फिशरचा विक्रम 4 मिनिटे 22 सेकंदांचा आहे. आज मरीनच्या रानवाटांवर सायकलींना ताशी 15 मैलांची आणि आंधळ्या वळणांवर 5 मैलांची वेगमर्यादा आहे. म्हणजे दोन मैलांना कायदेशीररीत्या किमान आठ मिनिटे लागतात, आणि 150 मिमी ट्रॅव्हलचा लाभ ती आठ मिनिटे अधिक आरामात घालवण्यासाठी घ्यावयाचा असतो.

खोके उघडल्यावर शेवटचा शोध लागतो, तो असा की सायकलीला पायडले नाहीत. महागड्या सायकली पायडलांविना विकण्याचा प्रघात आहे, कारण पायडल ही स्वाराच्या वैयक्तिक आवडीची बाब मानली जाते. आणि गंमत अशी की पायडलाच्या आट्यांचे माप या सगळ्या उलथापालथीत कोणी बदललेले नाही. जुन्या सायकलीवरून नव्या सायकलीवर जाऊ शकणारी वस्तू म्हणून ती दोन पायडले तरी उरतात. ग्राहक आनंदाने 15 चा पाना घेऊन भिंतीवरच्या सायकलीपाशी जातो. डाव्या आणि उजव्या पायडलांपैकी एकाचे आटे उलटे असतात हे त्याला पक्के आठवते. कोणत्या, ते आठवत नाही. पाना लावून तो सगळा भार टाकतो, पायडल करकरत पाव फेरा फिरते, आणि ते सुटते आहे की आवळले जाते आहे याचा अंदाज घेत तो थोडा वेळ तसाच उभा राहतो.